अमावास्येचीही गणना हवी

बुद्धपौर्णिमेला राज्यातल्या अभयारण्यांत पाणवठ्यांवरची मचाणं भरून जातात. लख्ख चांदण्यात बिबट्या, रानडुक्कर, सांबर प्राणीगणनेच्या वहीत चढतात. विंचू, कोळी, घोण यांना मात्र त्या वहीत रकाना नसतो.

त्यांची रात्रच वेगळी. पुष्कळसे विंचू चांदण्यात बाहेर पडायचं टाळतात. अतिनील विजेरीच्या झोतात त्यांचं अंग हिरवट-निळं चमकतं, तेही अंधारातच नीट दिसतं. कपाळावरच्या साध्या विजेरीने लांडगा कोळ्याचे डोळे गवतात ठिणग्यांसारखे लुकलुकतात. घोणीसाठी दगड उलटावा लागतो, आणि होता तसा परत ठेवावा लागतो; हौशी मंडळी नेमकं हेच विसरतात. जमिनीलगत तोंड येईल असे पेले पुरून ठेवले, की रात्री फिरणारे बाकीचे त्यांत सापडतात.

सोलापूरजवळचं नान्नज १९७९ मध्ये माळढोकासाठी राखलं गेलं, पुढच्याच वर्षी कर्जतजवळचं रेहेकुरी काळविटासाठी. एकेका देखण्या प्राण्याच्या नावावर माळ वाचला, हे उपकारच. पण माळढोक दिसेनासा झाला, की ‘आता तिथे उरलंय काय?’ असा सवाल येतो. उत्तर द्यायला यादी लागते. झाशीजवळच्या बिजौलीपासून सोलापूरपर्यंत निमशुष्क रान बघणाऱ्याला ओसाडच वाटतं. झाशीत तर १९६२ पासून गवतावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. त्या गवताच्या बुडाशी राहणाऱ्यांकडेही तेवढंच लक्ष जायला हवं.

सापडेल काय? ठाणे-कल्याणच्या गजबजाटातून २०२१ मध्ये उडी मारणाऱ्या कोळ्याची नवी जात जगापुढे आली. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून तिचं नाव ‘आयसियस तुकारामी’ ठेवलं गेलं. इमारतींच्या गर्दीत हे, तर माळावर काय असेल!

प्रश्न केवळ कुतूहलाचाही नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून कोकणात असंख्य जीव वाचवले. कोणता विंचू कुठे, कोणत्या महिन्यात बाहेर पडतो, हे ठाऊक असेल तर आरोग्य केंद्रात औषध वेळेवर पोचवता येतं.

अतिनील विजेरी काही शे रुपयांत मिळते. अभयारण्यात रात्री शिरायला मात्र परवानगी लागते, म्हणून पुढाकार वन विभागानेच घ्यावा. पहिल्या पावसानंतरची अमावास्या, महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि माळ पायाखालचा असलेले मेंढपाळ एवढ्यावर नान्नजला सुरुवात करता येईल.