रक्त तपासले, हक्कांचे काय?

पुणे जिल्ह्यात मुळशीच्या डोंगरात लवासा उभे राहू लागले, तेव्हा वर्तमानपत्रांची पानेच्या पाने भरली. शेतकरी-आदिवासींच्या जमिनींचा सवाल गाजला. 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले आणि 2018 मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. याच पुण्यातील एक संशोधक अनेक दशके आदिवासी पाड्यांवर जाऊन रक्त तपासत होता. डॉ. सुदाम काटे हे त्यांचे नाव. 2019 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे अनेकांना ते कळले.

काटे यांनी आयुष्य वेचले ते सिकलसेल या आनुवंशिक आजारावर. आईबापाकडून येणाऱ्या काही आजारांत शरीरातील एखादे विकर बिघडते व चयापचय कोलमडते. सिकलसेलमध्ये बिघडते ते हिमोग्लोबिन. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे, छाती, पोट असह्य दुखते. पोर शाळेला मुकते, मजुराचा रोज बुडतो.

काटे आणि लिंगोजवार यांनी 2002 मध्ये महाराष्ट्राचे चित्र मांडले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या जमातींत वाहकांचे प्रमाण 20 ते 35 टक्के. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ, नंदुरबार हे जास्त रुग्णांचे जिल्हे. पण हा केवळ आदिवासींचा आजार, असे समजून आम्ही गाफील राहू नये. 1958 मध्येच नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी तो पूर्वाश्रमीच्या महार समाजात दाखवून दिला होता. नुकताच धम्म स्वीकारलेल्या आमच्या वस्त्यांची ती नोंद आहे.

यात कुणाच्या रक्ताचा कमीपणा नाही. मलेरियाच्या प्रदेशात हा एक जनुक बाळगणारा मलेरियाच्या मृत्यूपासून बऱ्याच अंशी वाचतो, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दोन्ही पालक वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. जातीतल्या जातीत लग्ने होत राहिली की असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. सजातीय विवाह हाच जातिसंस्थेचा प्राण, हे बाबासाहेबांनी 1916 मध्येच कोलंबिया विद्यापीठात मांडले होते. मात्र विदर्भात इतर मागास जातींतही वाहक आहेत. म्हणून जात पाहून नव्हे, रक्त तपासूनच निर्णय व्हावा. वाहक म्हणजे रोगी नव्हे. अशा मुलीचे लग्न मोडणे हा अडाणीपणा आहे.

आता कायद्याचे बोलू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये सिकलसेलचा समावेश झाला. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाले, तर शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के राखीव जागांत दावा करता येतो. पण सरकारी नोकरीतील 4 टक्के राखीव जागा देणाऱ्या कलम 34 मध्ये रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे पोराला कॉलेजचे दार उघडायचे आणि नोकरीचे बंद ठेवायचे! वकिलीत आमच्याकडे येणाऱ्या पालकांपैकी अनेकांना यातले पहिले कलमही ठाऊक नसते.

1 जुलै 2023 रोजी केंद्राने शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट. भर आदिवासी भागांवर आहे. तो हवाच, पण नागपूरच्या झोपडपट्टीतला बौद्ध रुग्ण त्यात कुठे बसतो, हे सरकारने सांगितले पाहिजे. शिवाय तपासणी म्हणजे उपचार नव्हे. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या, बाळांना पेनिसिलिन व लसी, वेळेवर रक्त हे तालुक्याला मिळाले पाहिजे.

काटे यांच्या संशोधनाचे चीज पद्मश्रीने पूर्ण होत नाही. ते पूर्ण करणे आमच्या हाती आहे. प्रत्येक वधू-वर मेळाव्यात, प्रत्येक विहारात सिकलसेल तपासणीचे टेबल लागावे. सापडलेल्या रुग्णाचे दिव्यांग प्रमाणपत्र काढून देणारा एक कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत असावा. आणि कलम 34 च्या दुरुस्तीसाठी आमदार-खासदारांना जाब विचारावा. रक्त द्यायला आम्ही रांगेत उभे राहिलो. हक्क मागायलाही तसेच उभे राहू या.