वंगणाचा हिशेब कोण देणार?

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला कोऱ्हाळे बुद्रुक परिसरातील ऊस गव्हाणीत पडला की टनेज, उतारा आणि दर यांचा काथ्याकूट सुरू होतो. गाळपाचे चक्र ज्यावर फिरते त्या वंगणाचा हिशेब मात्र कोणी विचारीत नाही. साखर कारखान्यांत चरकाच्या बेअरिंगांना जड, डांबरी खनिज वंगण देण्याची रीत जुनी आहे. ते गळून जाते, परत हाती येत नाही. त्यातले जे सांडपाण्याबरोबर वाहते, ते अखेर शेतकऱ्याच्या मातीच्या माथी येते.

1 एप्रिल 2024 पासून वापरलेले तेल गोळा करून पुनर्प्रक्रियेस देण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर टाकली. उत्तम! पण जे गळून मातीत मुरले, ते कोणत्या पिंपात गोळा करणार? तेथे उपाय एकच : मातीत विघटन पावणारे वनस्पतिजन्य वंगण.

यात स्वप्नरंजन नाही. बैलगाडीच्या आखाला एरंडेल घालणारा शेतकरी हे शास्त्र जाणत होता. 1909 साली 'कॅस्ट्रॉल' हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. अमेरिकेने 2013 साली मोठ्या व्यापारी जहाजांच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या भागांसाठी पर्यावरणस्नेही वंगणाचे बंधन घातले. जगातील बहुतांश एरंडी भारतात, त्यातही प्रामुख्याने गुजरातेत पिकते. तरीही वंगणाच्या बाजारावर सत्ता मोठ्या तेल कंपन्यांची!

वनस्पती तेल अतिउष्णतेत लवकर बिघडते व महाग पडते, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच आरंभ इंजिनापासून नव्हे, तर साखळ्या, गाड्यांचे आख अशा वंगण गळून जाणाऱ्या जागांपासून करावा. चरकाच्या प्रचंड दाबासाठी आधी कसून चाचण्या घ्याव्यात. खनिज तेल स्वस्त दिसते, कारण नासलेल्या जमिनीची किंमत त्याच्या बिलात लागत नाही. ती शेतकरी भरतो. मात्र निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करणाऱ्या देशात गरिबाच्या फोडणीचे तेल यंत्राला पाजणे हा गुन्हा ठरेल. बांधावरचा करंज आणि कोरडवाहू एरंडी हाच खरा आधार.

हे वंगण सहकाराने स्वतः बनविले नाही, तर उद्या तीच भांडवलदारी हिरवे लेबल लावून तेच एरंडेल चौपट दराने शेतकऱ्याच्या गळ्यात मारील. म्हणून कार्यकर्त्यांनी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांत उभे राहून विचारावे : गेल्या हंगामात किती वंगण विकत घेतले, किती परत आले, आणि उरलेले कोणाच्या रानात गेले? सभासद मालक असेल, तर उत्तर मिळालेच पाहिजे.