पन्हाळ्याच्या तोफा आणि उद्यमनगरचा लेथ

1660 च्या मार्चमध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा गडावर मारा करण्यासाठी राजापूरच्या इंग्रज वखारीतून हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन आला. व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या युद्धात तोंड घातल्याची किंमत त्या वखारीने पुढल्या वर्षी, शिवाजी महाराजांनी राजापूर लुटले तेव्हा, पुरेपूर मोजली. ही कथा आपण बाजीप्रभूंच्या पराक्रमासाठी सांगतो आणि ते योग्यच आहे. पण वेढा घालणाऱ्या बलाढ्य सत्तेलाही तोफ उसनी आणावी लागली, आणि तोफेबरोबर ती डागणारा माणूसही, याकडे फारसे कोणी पाहत नाही. पुढे सुमारे अर्धशतकाने कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांचे, म्हणजे युरोपियांचे, बळ आरमारात आणि दारूगोळ्यात आहे हे नेमके ओळखले; तरीही अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंद्यांच्या आग्र्याच्या तोफखान्यात तोफा ओतण्याचे काम सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाकडेच होते. शस्त्र मिळाले, शस्त्रविद्येचे घर मात्र उभे राहिले नाही. आज कोल्हापुरातला एखादा तरुण घरच्या घरी हवेच्या दाबावर चालणारी छर्‍याची बंदूक जुळवू पाहतो, तेव्हा त्याच्याकडे या दीर्घ अनुभवाच्या उजेडात पाहावे असे मला वाटते.

हवेची बंदूक हे मुळात खेळणे नव्हते. ज्या दशकात महादजी आपली कवायती फौज उभारत होते, त्याच दशकात ऑस्ट्रियाच्या सैन्याने टायरॉलच्या बार्टोलोमेओ जिरार्दोनीची रायफल स्वीकारली: दस्त्यातच दाबलेल्या हवेची टाकी, एका भरणीत वीसएक गोळ्या, धूर नाही, पावसात भिजणारी दारू नाही. त्या काळातल्या कोणत्याही ठासणीच्या बंदुकीला लाजवील असे हे हत्यार 1815 च्या सुमारास सैन्यातून नाहीसे झाले, कारण टाकी भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार झटके लागत, दाब सहन करणाऱ्या टाक्या घडवणे अवघड होते आणि बिघडलेली बंदूक दुरुस्त करू शकेल असा कारागीर छावणीत क्वचितच सापडे. कल्पनेत काहीच उणे नव्हते. तिला सांभाळणारी शिस्त आणि शिकवणारी व्यवस्था उभी राहिली नाही.

आपल्याकडे राज्यकर्त्यांनी निराळा धडा घेतला. 1844 मध्ये सामानगड आणि पन्हाळ्याचे गडकरी उठले, 31 जुलै 1857 रोजी कोल्हापुरातली सत्ताविसावी पलटण उठली. ब्रिटिश अधिकारी कर्नल जेकबने पलटण नि:शस्त्र केली आणि कोल्हापूरच्या महाराजांचे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवले, जिथून ते कधीच परतले नाहीत. ब्रिटिश मुलखात 1878 च्या शस्त्र कायद्याने हीच वृत्ती नियमात बांधली. हत्यारांबरोबर हत्यार घडवणारे हातही संशयित ठरले, आणि लोहाराच्या भात्याशेजारी पिढ्यान्‌पिढ्या साठलेले ज्ञान दोन-तीन पिढ्यांत विरले. त्या कायद्यानंतर दहाच वर्षांनी, 1888 मध्ये, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात प्लिमथ गावच्या पवनचक्क्या बनवणाऱ्या एका कारखान्याने शेतकऱ्यांना चक्कीबरोबर धातूची छर्‍याची बंदूक द्यायला सुरुवात केली आणि थोड्याच वर्षांत चक्क्या मागे पडून डेझी हे नाव जगभर गेले. एकीकडे संशय, दुसरीकडे कारखाना. हा फरक बुद्धीचा होता असे मी मानत नाही.

कारण तीच बुद्धी कोल्हापुरात दुसऱ्या वाटेने प्रकट झालीच. परदेशी यंत्रे उघडून, न्याहाळून बाबूराव पेंटर आणि दामले यांनी 1918 च्या सुमारास स्वतःचा चित्रपट-कॅमेरा घडवला आणि 1920 मध्ये त्यांच्या कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. उसाच्या पट्ट्यातल्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती करता करता इथले मिस्त्री सुटे भाग ओतायला शिकले, त्यातून उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत वाढली, फाउंड्र्या उभ्या राहिल्या. शतांश मिलिमीटरची पर्वा करणारे टर्नर-फिटर ज्या शहरात आहेत, तिथल्या मुलाला नळी, व्हॉल्व्ह आणि छर्रा एकत्र आणण्याचा मोह होणे यात विपरीत काही नाही.

नेमबाजी तर या शहराच्या अंगी मुरलेली आहे. 2010 मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद जिंकणारी तेजस्विनी सावंत, 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेणारी राही सरनोबत आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ज्याने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 451.4 गुणांसह कांस्य मिळवले. त्यांची ही पदके हवेच्या बंदुकीची नव्हेत, हे खरे. पण नेमबाज घडतो तो बहुधा दहा मीटरच्या एअर रायफलवरच. स्वप्नीलमागे राज्याची क्रीडा प्रबोधिनी उभी होती, तेजस्विनीमागे कोल्हापूरचेच गुरू. नेम धरणाऱ्या हातासाठी आपण घर बांधले. घडवणाऱ्या हाताला मात्र अजून रस्त्यावरच ठेवले आहे.

याचे परिणाम कोवळ्या वयाला भोगावे लागतात. दाबलेली हवा क्षमा करत नाही. पाण्यासाठी बनवलेला पीव्हीसी पाइप तिच्या दाबाने तुकडे होऊन फुटतो, आणि साडेचार मिलिमीटरचा छर्रा डोळा कायमचा घेऊन जातो. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइप आणि कार्बाइडच्या घरगुती बंदुकांनी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. तिथे हवेऐवजी वायूचा भडका होता, अज्ञान तेच. रंकाळा आणि कळंबा तलावांवरच्या पाखरांचा विचारही व्हायला हवा. 2021 मध्ये अरुणाचलात शिकार थांबावी म्हणून लोकांना एअरगन सरकारजमा करण्याचे आवाहन करावे लागले, ते उगीच नाही. शिवाय कायदा स्पष्ट आहे: 1959 च्या शस्त्र अधिनियमात स्फोटकाखेरीज इतर ऊर्जेवर चालणारे हत्यारही बंदुकीच्या व्याख्येत येते आणि विनापरवाना निर्मितीला मनाई आहे. 2016 च्या नियमांत वीस ज्यूल आणि साडेचार मिलिमीटर या मर्यादेतल्या एअरगनला मिळालेली सवलत बाळगण्यापुरती आहे. ती घडवण्याचीही मोकळीक आहे असा समज घातक आहे.

म्हणून घरातला हा उद्योग आजच थांबावा, असे मी स्पष्ट लिहितो. पण केवळ जप्ती करून थांबणे म्हणजे जेकबचा मार्ग पुन्हा धरणे होय. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शासकीय तंत्रनिकेतन आणि इथले नेमबाजी प्रशिक्षक यांनी एकत्र बसून परवानाधारक, तपासणीची सोय असलेली एक कार्यशाळा मागावी, जिथे जाणत्याच्या नजरेखाली दाब मोजला जाईल, टाकीची कसोटी होईल आणि छर्‍याचा वेग यंत्रावर नोंदवला जाईल. लेथ इथे आहेत, गुरूही आहेत. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात कोणीतरी घेऊन जायला हवा.