बेट्टी, वेरॉनिका आणि लिपस्टिक

परवा कपाट आवरताना आर्चीचं एक जुनं डायजेस्ट सापडलं. माझी अकरा वर्षांची भाची ते घेऊन जी बसली, ती थेट जेवायलाच उठली. तिचं खिदळणं ऐकून बरं वाटलं... आणि २०१३ सालची गोष्ट आठवून डोकं फिरलं.

त्या वर्षी मॅक या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने 'आर्चीज गर्ल्स' नावाने मेकअप काढला होता. निम्मा बेट्टीचा, निम्मा वेरॉनिकाचा. वेरॉनिकाच्या लिपस्टिकांची नावं काय, तर 'बॉयफ्रेंड स्टीलर' आणि 'डॅडीज लिटल गर्ल'! अहो, या दोघी रिव्हरडेल हायस्कूलच्या विद्यार्थिनी आहेत. बेट्टी १९४१ मध्ये आली, वेरॉनिका १९४२ मध्ये, आणि बहुतेक गोष्टींमध्ये त्या अजून शाळेतच आहेत. शाळकरी मुलीच्या चेहऱ्याखाली असली सूचक नावं?

यावर "मूळ कॉमिकमध्ये तरी बिकिन्या नव्हत्या का?" असं कुणी म्हणेल. होत्या. डॅन डिकार्लोच्या मुली काही सोवळ्या नव्हत्या, मान्य. पण गोष्टीत बेट्टीला बाकीही उद्योग होते. ती अभ्यास करायची, गाडी दुरुस्त करायची. आणि आर्चीवरून कितीही भांडल्या तरी दोघी शेवटी जिवलग मैत्रिणीच. जाहिरातीने मैत्री टाकून दिली आणि पोरगा पळवणं तेवढं ठेवलं.

दुसरा युक्तिवाद, "लिपस्टिक मोठ्या बायकांसाठी आहे." मग कार्टून कशाला हवं? कारण आमच्या लहानपणीच्या मायेवर माल खपतो. २००९ मध्ये 'प्लेबॉय'ने तर तीन मुलांची आई असलेल्या मार्ज सिम्पसनला मुखपृष्ठावर बसवलं. तिथेही हेच! मोठ्यांना ती गंमत वाटते. पण लहान मुलीला फक्त ओळखीचा चेहरा दिसतो, आणि 'हे तुझ्यासाठी नाही' असं तिला कुणी सांगत नाही.

माझा राग लिपस्टिकवर नाही हं. मी स्वतः लावते. राग आहे तो, मुलींना हसवणाऱ्या दोन मैत्रिणी उचलून त्यांना 'तुमची किंमत मुलगा पटवण्यात' असं शिकवायला लावण्यावर.

असो. जेवताना भाचीने विचारलं, "मावशी, बेट्टीला गाडी दुरुस्त करता येते. तुला येते का गं?"

नाही येत. पण हा प्रश्न तिला पडला, याचाच मला आनंद झाला.