ओल्या पुठ्ठ्याची चव

काल्हेरला राहतो असं सांगितलं, की ऑफिसातल्या मंडळींचा पुढचा प्रश्न ठरलेला. ‘म्हणजे गोडाउनमध्ये?’ नाही हो, फ्लॅटमध्ये! चांगला सातव्या मजल्यावरचा, खाडीच्या वाऱ्याचा फ्लॅट आहे. पण गंमत बघा, गेल्या मे महिन्यात बिअरबद्दल जी एक गोष्ट शिकलो, ती मात्र गोडाउननेच शिकवली.

आधी या छंदाबद्दल थोडं. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे. महिन्यातला एक शनिवार, चार वेगवेगळ्या बिअर, प्रत्येकी साधारण शंभर मिली, आणि प्रत्येकाच्या हातात वही. आधी रंग बघायचा, मग वास, मग घोट, मग गुण. गाड्या घरी, येणं-जाणं रिक्षाने. आईचा प्रश्न अजून तोच आहे : ‘प्यायला वही कशाला लागते रे?’ तिला काय सांगणार? वही असते म्हणूनच चारशे मिलीवर थांबता येतं. वही नसती तर तो छंद राहिला नसता, वीकेंड झाला असता.

आपल्याकडे बिअर म्हणजे काय, तर थंडगार आणि ‘स्ट्राँग’. बर्फासारखी गार करायची, म्हणजे चव कळत नाही, आणि आठ टक्क्यांच्या जवळपासची घ्यायची, म्हणजे चवीची फिकीर राहत नाही. क्राफ्ट बिअरने हे गणित उलटं केलं. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली. तिथला ब्रूअर जर्मन, ऑलिव्हर शाउफ. (जाता जाता : ‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला, आणि हा इंग्रजी शब्द आपल्या देवळालीवरून आलाय. परतीच्या जहाजाची वाट बघत तिथल्या छावणीत अडकलेल्या गोऱ्या सोल्जरांना वेड लागायचं, त्याला ‘डूलाली टॅप’ म्हणत. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप! आमच्या दारावरून जाणारा जुना आग्रा रोड पुढे नाशिकलाच जातो, त्यामुळे मी हा शब्द घरचाच समजतो.) मग २०१३ मध्ये लोअर परळला द बार्किंग डिअर आलं. आणि २०१४ च्या सुमारास चक्क खाडीपलीकडे, डोंबिवलीत, गेटवे ब्रूइंगने गव्हाची ‘व्हाइट झेन’ बनवायला घेतली. डोंबिवलीची बिअर मुंबईच्या बारमध्ये! आमच्याकडे तेव्हा ही बातमी डोंबिवलीकर क्रिकेटर टीममध्ये निवडला गेल्यासारखी फिरली होती. पुढे पुण्याच्या ग्रेट स्टेट एल वर्क्सने मीठ आणि कोकम घालून एल केली. कोकम! म्हणजे ज्याचा वास ओळखायला कुठलाही कोर्स करावा लागत नाही, अशी गोष्ट ग्लासात आली.

आता टेस्टिंगचा फंडा. पहिली गोष्ट, ग्लास साध्या पाण्याने धुतलेला हवा. भांड्याच्या साबणाचा वास राहिला, तर फेस बसतो आणि प्रत्येक बिअर लिंबाची लागते. दुसरी, क्रम. हलकी आधी, कडू नंतर, काळी शेवटी. भाजलेल्या माल्टची स्टाउट आधी प्यायलात, तर पुढची गव्हाची बिअर पाणी वाटणार. मधे पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे. तिसरी, तापमान. लागर चार ते सात अंशांवर ठीक, पण एलला आठ ते बारा द्या. फ्रिजमधून काढून जरा थांबा, राजे!

गुणांसाठी आम्ही अमेरिकेतल्या बीजेसीपीची पद्धत वापरतो. एकूण ५० गुण. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण मजेला १०. बघा, दिसण्याला फक्त तीन! (लग्नाच्या बाजारात ही पद्धत कधी येणार?) वासाला बारा आहेत, आणि चवीचे वीस धरले, तरी आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग नाकच करत असतं. सर्दी झालेल्या दिवशी वरण-भात आठवा.

खरा घोळ असतो तो शब्दांचा. बिअरवरचं लिखाण वाचलं की ‘एल्डरफ्लॉवर’, ‘गूजबेरी’, ‘स्कंकी’ असलं काय काय येतं. स्कंक नावाचा प्राणी मी आयुष्यात पाहिला नाही, हुंगणं तर लांबच. उन्हात ठेवलेल्या हिरव्या बाटलीतल्या बिअरला जो वास येतो तो हा. प्रकाशाने हॉप्समधल्या कडू द्रव्याची मोडतोड होते आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. तपकिरी बाटली त्यापासून बऱ्यापैकी वाचवते. आमच्या वहीत त्याचं नाव ‘जळका रबर’. गव्हाच्या बिअरमधलं केळं आणि लवंग यीस्टमुळे येतं. ते केळं कुठलं, यावर आमच्यात एकदा अर्धा तास वाद झाला, आणि शेवटी वसईकडच्या एकीने निकाल दिला : ‘सुकेळी. राजेळीची, वाळवलेली.’ बरोब्बर! तेव्हापासून आम्ही स्वतःचे शब्द लिहितो. आयपीएला पपनसाची साल. स्टाउटला करपलेली भाकरी. बिघडलेल्या लागरला उकडलेलं कणीस. आंबट बिअरला दुपारची ताडी. सकाळची ताडी गोड, दुपारची आंबट, हे ताडी-माडी केंद्रावरच्या गिऱ्हाइकाला घड्याळ न बघता कळतं. तोही टेस्टरच की, फक्त वही नसलेला.

तर एवढी हुशारी अंगात आल्यावर माणूस तोंडावर आपटणारच.

एप्रिलच्या शेवटी ठाण्यातून एका छोट्या ब्रूअरीच्या पेल एलच्या सहा बाटल्या आणल्या. घरी फ्रिजमध्ये आमरसाचे डबे, कैरीचं पन्हं, आणि आईचा स्पष्ट नकार. मग बाटल्या गेल्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर. आमच्यावर मजला नाही, थेट गच्ची. मेच्या शेवटी आठवण झाली. एक बाटली रात्रभर गार केली, वही उघडली. वासात काही नाही. चवीत काही नाही. मागे एक कोरडी, कागद चघळल्यासारखी चव. ५० पैकी १७. आणि मग ग्रुपवर फटकेबाजी : ‘वही चावून खाल्ल्याचा फील. या ब्रूअरने दुसरा धंदा बघावा.’ हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आमच्यातला एक जण ठाण्यात बार मॅनेजर आहे. त्याचा मेसेज आला : ‘वाचवलंस बॉस. यांच्या दोन केगची ट्रायल ऑर्डर देणार होतो. थांबवतो.’

खोटं कशाला बोलू? तेव्हा भारी वाटलं. आपल्या जिभेला किंमत आहे, वगैरे.

संध्याकाळी तळमजल्यावरचा दादूस शिडी मागायला आला. दादूस इथलाच, आगरी, मागच्या एका गोदामात सुपरवायझर. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकी चुकवत नाही, दारूच्या थेंबाला शिवत नाही. ओट्यावर अर्धी बाटली उघडी होती. त्याने लांबूनच नाक वाकडं केलं. म्हटलं, आता कीर्तन. पण तो जवळ आला आणि बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं. ‘वास घ्यायला काय, पीत थोडाच हाय,’ असं वर मलाच म्हणाला. आणि पुढे : ‘ह्यो तर भिजल्या खोक्याचा वास. पावसाल्यात पत्रा गलला, खालची थप्पी भिजली, का असाच येतो.’

मी थक्क! कारण पुस्तकात त्या दोषाचं नाव हेच आहे. ओला पुठ्ठा.

दादूसने मग मी जे करायला हवं होतं ते केलं. बाटली फिरवून तारीख वाचली. ‘तीन महिने झालं. मदी कुठं होती?’ मी माळ्याकडे बोट दाखवलं. त्याने शिडी लावली, वर चढला आणि स्लॅबला हात टेकवला. सूर्य मावळून तास झाला होता, तरी स्लॅब तव्यासारखा. खाली उतरून तो एवढंच म्हणाला, ‘माल वाईट नाय. माल ठेवलाय वाईट.’ आणि शिडी घेऊन गेला.

रात्री बसून वाचून काढलं. बाटली बंद करताना आत थोडासा ऑक्सिजन राहतोच. त्याच्यामुळे बिअर हळूहळू शिळी होते, आणि ‘ट्रान्स-२-नोनेनल’ नावाचा पदार्थ जाणवायला लागतो. तो अब्जात एक भागाहून कमी असला, तरी माणसाच्या नाकाला पुठ्ठा कळतो. उष्णता ही सगळी प्रक्रिया पळवते. ब्रूअर लोकांचा एक अंदाजाचा नियम आहे, ३-३०-३०० : बिअरचं जेवढं नुकसान ३२ अंशांत तीन दिवसांत होतं, तेवढं २२ अंशांत तीस दिवसांत आणि ३ अंशांत तीनशे दिवसांत. माझा माळा ३२ च्या कितीतरी पुढे, आणि मुक्काम महिनाभराचा. हॉप्सचा ताजा वास आधी जातो, मग पुठ्ठा येतो. म्हणजे १७ गुण मी ब्रूअरला नाही, माझ्या माळ्याला दिले होते. दुकानाच्या फडताळात, टेम्पोत, कुठल्या तरी पत्र्याखाली हेच रोज किती बाटल्यांचं होत असेल! आणि नाव मात्र लेबलवरच्याचं जातं. मोठ्या कंपनीला एका वहीने काही फरक पडत नाही. दोन केगची ट्रायल ही ज्याच्यासाठी महिन्याची बातमी असते, त्याला पडतो.

मॅनेजरला फोन लावला. सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, ‘काल म्हणालास भंगार, आज म्हणतोस बरी. मी नक्की कुणाचं ऐकू?’ उत्तर नव्हतं. मग ठरलं, ट्रँगल टेस्ट करायची. फंडा सोपा आहे. तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या नशिबावर एका फेरीत तिघांतला एक बरोबर येईल, पण सलग तीन फेऱ्या बरोबर यायची शक्यता २७ मध्ये एक.

शनिवारी मॅनेजर घरी आला. येताना त्याच पेल एलच्या, बारा दिवसांपूर्वी भरलेल्या बाटल्या बर्फाच्या डब्यात घेऊन. (बॅच वेगळी, तेव्हा लॅबवाले याला शास्त्र म्हणणार नाहीत, मान्य.) माळ्यावरच्या दोन तितक्याच गार केल्या. रंगावरून कळू नये म्हणून स्टीलचे पेले. ओतायचं काम आईकडे, कारण तिच्याइतकं निःपक्ष त्या घरात कुणी नव्हतं. तिन्ही फेऱ्यांचा क्रम तिने किराण्याच्या यादीमागे लिहून ठेवला.

मॅनेजर : तीनपैकी तीन. मी : पहिल्याच फेरीत नापास, मग दोन बरोबर. दादूसला वरून हाक मारली. तो आला, हात मागे बांधले, पेल्याला न शिवता वाकून एकेक वास घेतला, आणि बोट दाखवत गेला. तीनपैकी तीन. आईने यादी दोनदा तपासली.

मॅनेजर बराच वेळ ताजी बिअर फिरवत बसला. मग म्हणाला, ‘दोन नाही, एकच केग मागवतो. पण ती दुपारी येता कामा नये, आणि आली की थेट कोल्डरूम.’ ग्रुपवरचा माझा जुना मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला गेलो, तर मुदत संपलेली. त्यामुळे तो तिथेच आहे. त्याच्या खाली दुसरा लिहिला, माळ्याच्या फोटोसकट. त्याला हसरे चेहरे कमी आले.

वहीत आता दोन रकाने वाढलेत, ‘भरल्याची तारीख’ आणि ‘मुक्काम’. त्या रात्रीची नोंद अशी : पेल एल. बारा दिवसांची, बर्फाच्या डब्यातून. रंग साजूक तुपाचा, वितळलेल्या. वासाला पपनसाची साल, मागे थोडं ओलं गवत. चवीला आधी बिस्किट, मग कडूपणा जरा जास्तच रेंगाळतो, तिथे दोन गुण कापले. ५० पैकी ३६. दादूसच्या मते ‘लिंबाच्या पाल्यासारखा’. पपनस खोडून तेच लिहिलं.