अस्थिमज्जेचा नमुना आणि रुग्णाची पायपीट

रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व बिंबिका या तिन्ही एकदम घटल्या आणि साध्या तपासण्यांतून कारण उलगडले नाही, म्हणजे अस्थिमज्जा पाहावी लागते. कधी रक्ताचा कर्करोग निघतो, तर कधी निव्वळ ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, जी स्वस्त इंजेक्शनांनी भरून येते. रुग्णाला कुशीवर निजवावयाचे, भूल द्यावयाची आणि कमरेच्या हाडाच्या मागील उंचवट्यातून थोडी मज्जा व हाडाचा दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा काढावयाचा. १९७१ मध्ये जामशिदी यांची सुई आल्यापासून हे काम खाटेपाशीच, अर्ध्या तासात करणे सुकर झाले. त्याला शस्त्रक्रियागृह लागत नाही. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणचा रुग्ण पुष्कळदा एवढ्याचसाठी शहराकडे धाडला जातो.

गडचिरोलीहून नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे. रुग्णासोबत एक नातेवाईक, दोघांची बुडालेली मजुरी, खानावळ, रुग्णालयाच्या आवारातली रात्र; उपचार सरकारी योजनेतून फुकट झाले, तरी हा खर्च कोणत्याच वहीत चढत नाही. ज्याचे काम त्यानेच करावे, असे यावर सांगितले जाते. श्रमविभागाचा हा सिद्धान्त आमचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतात. पण बाजारपेठ जेवढी तेवढाच श्रमविभाग, ही अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच घातलेली मर्यादा ते (आणि नियोजनकर्तेही) परीक्षेनंतर विसरतात. जेथे महिन्याला चार-दोनच तपासण्या होणार, तेथे स्वतंत्र रक्तविकारतज्ज्ञ नेमणे परवडत नाही. तेथे वॉर्डातील फिजिशियननेच सुई हाती घेतली पाहिजे. नमुना वाचणारा तज्ज्ञ खुशाल शहरात असो. काचपट्ट्या आणि फॉर्मॅलिनमधील तुकडा प्रवास करू शकतात, व त्यांची मजुरी बुडत नाही.

अर्थात नवख्या हाताचा धोका खराच आहे. तुकडा अपुरा निघाला तर सुई पुन्हा टोचावी लागते. मज्जा लवकर गोठते, म्हणून ती काचेवर तेथल्या तेथे पसरणारा तंत्रज्ञ जवळ हवा. शिवाय भुलेने कातडी व हाडाचे आवरण बधिर होते, मज्जा ओढतानाची कळ मात्र तिने थांबत नाही. ‘थोडेसे दुखेल’ एवढ्यावर भागविणे अन्यायाचे आहे. तेव्हा ठरावीक तपासण्या अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली केल्याखेरीज कोणालाही एकट्याने सुई धरू देऊ नये. अपुऱ्या नमुन्यांची आणि रुग्णाने सांगितलेल्या वेदनेची नोंद ठेवावी, व ती पाहून कोणाला पुन्हा शिकवावयाचे ते जिल्हा शल्यचिकित्सकांनी दरवर्षी ठरवावे.