आधी वाट मोजा, मग धावपटू

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. व्याधी कोणती, उपचार कोणते, पुढे काय झाले हे त्यांत लिहिलेले आहे आणि काहींसोबत डोळ्याचे रंगीत चित्रही आहे. सरफोजींची कारकीर्द 1798 ते 1832 अशी. दोनशे वर्षांनंतरही हे कागद अभ्यासता येतात, कारण निकालासोबत परिस्थितीही नोंदलेली आहे. शालेय धावपटूंना गुणांकन देण्याच्या आजच्या विद्येचा विचार करताना मला हेच कागद आठवतात.

मार्च 2024 मध्ये चंडीगड येथून ‘कीर्ती’ हा केंद्र सरकारचा उपक्रम सुरू झाला. 9 ते 18 वर्षांच्या मुलामुलींमधील क्रीडागुण माहिती-विश्लेषणाच्या साहाय्याने हेरावेत, हा त्याचा हेतू. त्याचे स्वागतच आहे. माझा आक्षेप आहे तो क्रॉसकंट्रीची वेळ जशीच्या तशी संगणकात भरण्याला.

चारशे मीटरची धावपट्टी नाशकात आणि तंजावुरात सारख्याच लांबीची असते. रानातली वाट तशी नसते. कावेरीच्या खोऱ्यातली सपाट जमीन आणि दमट उष्मा एकीकडे, सह्याद्रीचा चढउतार आणि कोरडी थंडी दुसरीकडे. म्हणूनच क्रॉसकंट्रीत जागतिक विक्रम नोंदवले जात नाहीत. त्यात मोजणीची हयगय आली की संपलेच: 6 किलोमीटर म्हणून आखलेली वाट प्रत्यक्षात 5.8 भरली, तर किलोमीटरला 3 मिनिटे 20 सेकंद घेणाऱ्या मुलाला 40 सेकंद फुकट मिळतात.

यावर संख्याशास्त्राने काढलेला उपाय सुरेख आहे. दोन वाटांवर धावलेली तीच मुले शोधायची. पहिल्या वाटेवर 20 मिनिटे घेणारा मुलगा दुसरीवर 20 मिनिटे 36 सेकंद घेतो, आणि इतर अनेकांचेही प्रमाण साधारण तेच दिसते, तर दुसरी वाट सुमारे 3 टक्के अवघड मानायची. अशा दुव्यांचे जाळे विणत गेले, की प्रत्येक वाटेचा अवघडपणा आणि प्रत्येक धावपटूची पातळी एकाच गणितातून निघते. परस्परांना कधीही न भेटलेल्या दोन मुली तुलनेत येतात.

मात्र दुवा हवा. आपल्याकडे जिल्हे ही बेटे आहेत. एका जिल्ह्यातील मुले दुसऱ्या जिल्ह्यात सहसा धावत नाहीत; सर्वांची गाठ पडते ती राज्य स्पर्धेत, आणि तिथे पोहोचतात फक्त जिंकलेली मुले. येथे एक जुना सापळा दडलेला आहे. जिल्ह्यात वर आलेल्यांपैकी अनेकांचा तो दिवस नेहमीपेक्षा चांगला गेलेला असतो. पुढच्या शर्यतीत ती आपल्या सरासरीकडे परततात. गणिताला हे कळत नाही. ते म्हणते, राज्य स्पर्धेची वाटच अवघड होती. फ्रान्सिस गॉल्टनने आईबाप आणि मुलांच्या उंचीत हे परतणे 1886 मध्ये दाखवले होते. पूल केवळ विजेत्यांचा बांधला, तर तो एका बाजूला कललेलाच राहणार.

वयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा यांत जवळजवळ वर्षाचे अंतर असते, आणि चौदाव्या वर्षी ते फार असते. शिवाय कुणाचे शरीर लवकर भरते, कुणाचे उशिरा. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले आणि 2015 मध्ये, म्हणजे विशी गाठल्यावर, लष्करी क्रॉसकंट्रीकडे वळले. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते 0.05 सेकंदाने. 18 व्या वर्षी यादी बंद करणाऱ्या प्रणालीला असा धावपटू दिसणारच नाही.

गुणांकन नको, असे मी म्हणत नाही. सावरपाड्याची कविता राऊत किंवा मोहीची ललिता बाबर यांच्यासारखी मुलगी एखाद्या शिक्षकाच्या नजरेला पडण्याची वाट पाहण्यापेक्षा ते शतपटीने बरे. पण गुणांकनाचा आकडा त्याच्या अनिश्चिततेसह छापावा; दोन शर्यतींवर आधारलेला आणि वीस शर्यतींवर आधारलेला आकडा एकाच ठशात दिसू नये. आणि त्याचा उपयोग कुणाला बोलवायचे यासाठी व्हावा, कुणाला घरी पाठवायचे यासाठी नव्हे.

बाकीचे काम अगदी साधे आहे. वाट चाकाने मोजावी. सुरुवातीची वेळ, तापमान, जमीन ओली की कोरडी हे लिहावे. पहिल्या तिघांचीच नव्हे, तर शेवटच्या मुलाचीही वेळ नोंदवावी, कारण वाटेचा अवघडपणा त्याच्याही वेळेतून कळतो. आणि दर जिल्ह्यातून मधल्या क्रमांकांची दोन-तीन मुले राज्य स्पर्धेला न्यावीत. पदकासाठी नव्हे, दुवा म्हणून. त्यांचे एसटीचे भाडे हा या साऱ्या यंत्रणेतला सर्वांत स्वस्त खर्च असेल.